कुंपण फुललं तेव्हा

हॉस्पिटलच्या आवाराभोवतीचं कुंपण कापायचं काम मावशीचं. तिला सगळे कातरमावशी म्हणत, कारण मोठ्या कातरीशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. बारमाही हिरवं, काटेरी, कातरीला पांढरा चीक फासणारं झुडूप, एवढीच तिला त्याची ओळख. नाव कशाला हवं? कुंपण ते कुंपण!

मग तिचा खांदा निखळला. काही महिने ती घरी बसली आणि बदली माणूस काही मिळाला नाही. परत आली तर कुंपण चांगलंच माजलेलं, आणि त्यावर पांढऱ्या फुलांची नुसती लयलूट. वास असा गोड, की तिला कातर चालवायचा धीरच होईना. पुढे फुलं गळली, घोसाघोसानं हिरवी फळं धरली, लाल झाली, मग काळी.

तिची सून तिथेच नर्स. ती धास्तावली. "आई, तोंडात टाकू नका हं! असा चीक कण्हेरीलाही असतो."

"मी काय खुळी आहे? आधी विचारून येते."

फळांची फांदी घेऊन मावशी रोपवाटिकेत गेली. तिथल्या म्हाताऱ्यानं चष्मा चढवला. पानं समोरासमोर, काटेही जोडीजोडीनं. फांदीला अडकून राहिलेल्या एका वाळक्या फुलाच्या पाच पाकळ्या त्यानं नखानं उलगडल्या, फळ चिरून बिया पाहिल्या.

"करवंद आहे, बाई. काळी झालेली खुशाल खा."

मावशीनं फांदी परत हातात घेऊन न्याहाळली. करवंदं तिनं बाजारातच पाहिलेली.

"मग इतकी वर्षं कुठं होती ही?"

"फुलं शेंड्यांना येतात. शेंडा दिसला की तुम्ही उडवत होता."

"अगं बाई! एवढं कापलं, तरी हे सगळं आत धरून बसलं होतं?"

तिनं एक फळ तोंडात टाकलं. आंबटगोड रस, ओठांना चिकटणारा.

दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळभर करवंदं हॉस्पिटलच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी एक खाल्लं, मग आणखी एक, आणि मागच्या बाजूला कातर लावायची नाही असं सांगून टाकलं.

तेव्हापासून मावशीचं चालणं मात्र बिघडलं. बँकेपुढं, शाळेच्या भिंतीशी, बसथांब्यामागं, जिथं तिथं तेच झुडूप, सपाट कापलेलं. ती प्रत्येकापाशी थांबते, वाकून जोडकाटे बघते, आणि सून हाक मारत पुढं निघून जाते.