जावयाची खुर्ची

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे बायको सातव्या महिन्यात धामणगाव बढ्याला गेली. जाताना तिने एवढंच सांगितलं, "मले एकटीले ठेवू नोका. त्या दिवशी तुम्ही जवळ पायजे." मी हो म्हणालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. दिलेला शब्द पाळावा, एवढं तरी शाळेने नक्की शिकवलं होतं.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरला वर्गावर होतो. "आधी निघा, रजेचं मग बघू," असं मुख्याध्यापक म्हणाले, त्यांचे उपकार. एसट्या बदलत दुपारी सरकारी दवाखान्यात पोचलो. बायको व्हरांड्यात भिंत धरून येरझारा घालत होती. मी तिच्याकडे वळणार, तोच सासऱ्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा, जावईबापू."

सासूबाईंनी चहा दिला. जावयाला बसवल्याशिवाय आमच्याकडे कुणाला चैन पडत नाही, आणि मी तर अजून नवा जावई. बायको माझ्यासमोरून जायची, कळ आली की थांबायची, आणि मी कपबशी सांभाळत विचारायचो, "बरं आहे ना?" ती तशीच पुढे चालू लागायची.

तिच्यासोबत गल्लीतल्या एक काकू होत्या. नात्यातल्या नव्हेत, सुईणही नव्हेत. पण गल्लीतली पोर बाळंतपणाला निघाली की त्या पिशवी घेऊन गाडीत बसायच्या. औषधपाणी सिस्टरकडे, काकूंचं काम हात धरण्याचं, घोट घोट पाणी पाजण्याचं आणि घाबरलेल्या घरच्यांना कामाला लावण्याचं. शहरात आता बायका हे काम शिकून करतात, त्यांना डूला म्हणतात, हे मला पुढे कळलं.

सासऱ्यांना काकूंनी गरम पाणी आणायला पिटाळलं. सासूबाईंना रडू यायला लागलं, तर दुपट्यांच्या घड्या घालायला बसवलं. मग माझी पाळी.

"जावईबापू, चहा झाला काय?"

"हो."

"मंग उठा. माहे हात भरून आले. पोरीची कंबर दाबा."

सासूबाईंच्या हातातलं दुपटं खाली पडलं. "अवं बाई, जावायाले असं कामाले लावतेत काय? लोक काय म्हणतीन?"

"लोकायचे पाय दुखत असतीन तं खुर्ची मोकळी हाये."

बायको माझ्याकडेच पाहत होती. मी कपबशी खाली ठेवली आणि तिच्या कमरेवर अलगद हात टेकवले.

"इतका चहा पेले," ती दात आवळून म्हणाली, "जोर कुठी गेला?"

मग मी जोर लावला. कळ आली की दाबायचं, गेली की चालायचं. समोरून जाणारे येणारे बघत होते. थोड्या वेळाने तेही बघेनासे झाले.

आत न्यायची वेळ झाली. "सोबत एकच बाई येईल," सिस्टर म्हणाल्या. बायको माझा हात सोडेना.

"तेथं बाजूले खिडकी हाये," तिच्यासोबत आत जाता जाता काकू मला म्हणाल्या. "बाहेर उभे राहा अन् बोलत राहा. आवाज येते आत."

खिडकी उंच होती, काचा रंगवलेल्या. मी शाळेचं बोललो, कपाशीचं बोललो, आणि विषय संपले. शेवटी ती कॉलेजला जायची त्या रस्त्यावरची गावं कंडक्टरसारखी म्हणू लागलो. मोताळा, राजूर, घाट, बुलढाणा. पोचलो की गाडी परत. सासरे कधी शेजारी येऊन उभे राहिले, कळलं नाही. "मधात एक फाटा राह्यला," ते हळूच म्हणाले.

आवाज आत पोचतो की नाही कळेना, म्हणून मी थांबलो.

"बंद काऊन पडले?" आतून काकूंचा आवाज आला. "पोरगी म्हणते, गाडी पुढं न्या."

मी नेली. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मग एकदम बारीक, चिडलेलं रडणं ऐकू आलं, आणि सासऱ्यांनी माझा दंड घट्ट धरला.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. लेक कुशीत झोपली होती. मी वाकून विचारलं, "आत एकटं वाटलं का?"

"नाही," ती म्हणाली. "पण घाट लय हळू चढले तुम्ही."