नसता पडला

थर्ड अंपायर माणसाशी बोलताना ताठ उभे असत, पण चेंडूचा निकाल द्यायचा असला की आडवे होत. साठी उलटलेला माणूस, इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, आणि ओल्या गवतावर सरळ पालथा. हनुवटी जमिनीला टेकलेली, एक डोळा मिटलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना चक्कर आली असं वाटून पाण्याची बाटली घेऊन धावलो होतो. ते तसेच पडल्यापडल्या म्हणाले, "बाजूला हो रे. सावली पडते तुझी."

नाव अण्णा दळवी. वडील कणकवलीहून मुंबईत आले ते गिरणीत लागले, आणि अण्णा माहुलच्या बाजूला आमच्या कंपनीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात. आयुष्यभर प्रेशरचे काटे वाचले. "काटा थरथरत असेल तोवर आकडा सांगायचा नाही," असं ते म्हणायचे, आणि तोच कायदा ते सगळीकडे लावायचे. मासळी ताजी आहे का, भाचीला सांगून आलेला मुलगा बरा आहे का, कशावरही त्यांचं मत लगेच मिळत नसे. मिळालं की मात्र त्यावर अपील नव्हतं.

गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही येतं ते कृपा करून पुसून टाका. आमच्या कंपनीच्या कॉलनीला नऊ होलचं एक छोटं मैदान आहे, फार पूर्वीच्या कुणा साहेबाने हौसेने केलेलं. एका बाजूला कँटीनची भिंत, दुसऱ्या बाजूला टँकरची रांग, वर रिफायनऱ्यांच्या चिमण्या. वास येतोच, पण तो नवख्यांना. निवृत्त झाल्यावरही तिथे खेळता येतं, म्हणून अण्णा घाटकोपरहून स्कूटरवर यायचे. मी हिशेब खात्यातला, अजून नोकरीत, एकटा राहणारा. फार बोलत नाही. तिसरा कांबळे, आमचा सेफ्टी ऑफिसर. वाशीमकडचा, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. आम्ही तिघं एकत्र खेळायचो.

करोनात मैदान बंद होतं. पुन्हा उघडलं तेव्हा कांबळेने तात्पुरते नियम काढले. झेंड्याच्या काठीला हात लावायचा नाही. होलमध्ये हात घालायचा नाही. त्यासाठी प्रत्येक होलमध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला, जमिनीच्या थोडा वर येईल असा. चेंडू पाइपला लागला की होलमध्ये पडला असं धरायचं. उचला आणि पुढे चला.

साधा नियम. पण भांडणं सुरू झाली ती पहिल्याच सकाळी. होलजवळच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, म्हणजे ग्रीनवरून, चेंडू हलकेच आत ढकलायचा असतो, त्या फटक्याला पट म्हणतात. सगळं कसब त्या हलकेपणात. जोरात मारला तर चेंडू होलवरून उडून पलीकडे जातो. आता होलच्या जागी पाइप उभा, त्यामुळे सगळ्यांनी क्रिकेटच मांडलं. कांबळे तर स्टंप उडवल्यासारखा मारायचा. टक्क असा आवाज आणि वर दोन्ही हात.

"नसता पडला," अण्णा म्हणायचे.

"अण्णा, लागला म्हणजे पडला. नियम आहे."

"नियम तू केलायस. होल तू नाही केलंस. एवढ्या जोराने गेलेला चेंडू होलवरून जाऊन कँटीनमध्ये चहा पिऊन आला असता."

मग अण्णा आडवे व्हायचे, चेंडू कुठून आला, पाइपला कुठे लागला, किती मागे आला हे बघायचे, उठून गुडघे झटकायचे आणि पुन्हा म्हणायचे, "नसता पडला." कांबळे हवेत बोटांनी टीव्हीचा चौकोन काढायचा. थर्ड अंपायर हे नाव तिथेच पडलं. मजा अशी, की कार्डावर गुण कांबळेच्याच नियमाने लिहिले जायचे. अण्णांच्या निकालाने काहीच बदलत नसे. तरी कांबळे प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. अण्णा एखाद्या वेळी "हा पडला असता" म्हणाले, की दिवसभर कँटीनमध्ये सांगत फिरायचा.

इथे एक सांगून टाकतो. त्या दिवसांत लोकांची माणसं गेली. आमच्या बिल्डिंगमधली दोन घरं अर्धी झाली. आणि मी, ज्याला इतकी वर्षं सकाळी उठून कुणाशी बोलावं लागत नव्हतं, तो पहाटे गजर व्हायच्या आधी उठून तयार असायचो. मी सुखात होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने.

तर त्या वर्षी मैदानाच्या ढालीची स्पर्धा झाली. अण्णांना ती ढाल कधीच मिळाली नव्हती. शेवटच्या होलवर अण्णा आणि कांबळे बरोबरीत, आणि अण्णांचा पट बाकी; तो पडला की ढाल त्यांची. लांबचा, फवाऱ्याच्या झाकणाजवळून. अण्णांचा हात इतक्या वर्षांत पहिल्यांदा जड पडला. चेंडू सणसणत गेला, पाइपवर आपटला आणि अर्ध्या वाटेपर्यंत परत आला.

मग कांबळे अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काय अण्णा? पडला असता का?"

अण्णांनी पाइपकडे पाहिलं. ढाल बाजूच्या टेबलावर होती, तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "लागला म्हणजे पडला. नियम तुझाच आहे."

कांबळे इतका हसला की मास्क गळ्यात आला. "वर्षभर माझी वाट लावलीत आणि आता नियम? ए विनू, तू सांग, कसा लागला?"

"मला दिसलं नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. "आवाज ऐकला फक्त."

"आवाज पुरे," अण्णा म्हणाले, आणि ढाल उचलून स्कूटरच्या पुढ्यात उभी केली.

ती ढाल त्यांच्या घरी फ्रिजवर गेली. दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा मला फोन. "भाऊजी, काय झालं हो त्या दिवशी? यांनी ढाल भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. मी सरळ करते, हे परत फिरवतात."

पुढे नियम उठले, पाइप निघाले, होलं पुन्हा होलं झाली. त्या पहिल्याच सकाळी अण्णा खेळायला न लागता थेट शेवटच्या ग्रीनवर गेले, फवाऱ्याच्या झाकणाजवळ चेंडू ठेवला आणि तसाच जोरात पट मारला. चेंडू होलवरून उडून गवतात गेला. दुसरा मारला. तोही गेला.

"अण्णा, हळू मारा की," मी म्हणालो.

"हळू मारून काय सिद्ध होणार? तेव्हा हळू होता का?"

मग तो रोजचा पाठच झाला. आधी आम्ही खेळायचो, मग शेवटच्या ग्रीनवर अण्णांची चौकशी बसायची. आरोपी तेच, अंपायर तेच. कांबळेची बदली गुजरातकडे झाली तेव्हा जाताना तो म्हणाला, "अण्णा, ढाल तुमचीच आहे हो. मी मनापासून दिली." अण्णा म्हणाले, "तुझ्या मनाचा प्रश्न नाहीच आहे." त्यानंतर आम्ही दोघंच उरलो.

वहिनींना गावी जायचं होतं. घर दुरुस्त करून झालं होतं, परसात विहिरीला पाणी होतं, मुलगा परदेशात. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमत नव्हता. अण्णा नाही म्हणत नसत. फक्त म्हणायचे, "एकदा तो पडां दे, मगे जावया." वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा. तुमचं ऐकतात." मी "हो" म्हणायचो.

समजावलं नाही. ग्रीनवर बाजूला उभा राहायचो, आणि अण्णांचा हात मागे गेला की मनात म्हणायचो, नको पडू. रोज म्हणायचो. एका बाईचं घर तिकडे तयार उभं आहे, ती इथे बांधलेल्या पेट्यांमध्ये वावरते आहे, हे मला ठाऊक होतं, आणि तरी म्हणायचो. चेंडू होलवरून गेला की चेहरा पाडून "अगदी थोडक्यात" असं सांगायचो. अण्णा चेंडू उचलायचे. "उद्या," म्हणायचे.

एका सकाळी अण्णांच्या स्कूटरवर मागे वहिनी. गोल्फच्या मैदानावर त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातात पिशवी, परत जाताना भाजी घ्यायची म्हणून. आमचा खेळ होईपर्यंत त्या कँटीनच्या पायरीवर बसून राहिल्या. शेवटच्या ग्रीनवर मात्र उठून आल्या.

"हाच का तो?"

"हाच," अण्णा म्हणाले. मारला. चेंडू होलच्या कडेला चाटून पलीकडे गेला.

वहिनी चपला काढून हिरवळीवर गेल्या. गवतातून चेंडू उचलला, पदराने पुसला आणि वाकून होलमध्ये टाकला. आतून छान टपक असा आवाज आला.

"पडलो मां? चला आता घराक."

अण्णा काहीतरी बोलायला गेले. मीच आधी बोललो. कसा कोण जाणे. "वहिनी, चूक माझी आहे. मी रोज मनात म्हणत होतो, पडू नये."

वहिनी पिशवीतली माती झटकत होत्या. "ते दिसतंय की तुमच्या तोंडावर. पण तुम्ही एकटेच म्हणत होतात असं वाटतं तुम्हाला?" आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अण्णा रिफायनरीच्या चिमण्यांकडे बघत उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी निकाल दिला नाही. पुढच्या महिन्यात ते गावी गेले.

त्यांचा फोन येतो. काजूची झाडं, विहीर, सगळं सांगतात; ढाल सरळ ठेवली की नाही हे सांगत नाहीत. शेवटी दर वेळी विचारतात, "विनू, तू कधी मारून बघितलास का रे तिथून?"

मी म्हणतो, "नाही अण्णा."

बघितला आहे. ते गेले त्याच आठवड्यात. फवाऱ्याच्या झाकणाजवळ चेंडू ठेवला, त्यांच्याच जोराने मारला. होलच्या मागच्या कडेवर आपटला, हातभर उडाला आणि सरळ आत पडला. मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. मी बराच वेळ होलमध्ये बघत बसलो.

सांगितलं तर अण्णा रात्रीची गाडी पकडून येतील. विचारतील, नक्की किती जोर, नक्की कुठे आपटला, आणि मग आम्ही पुन्हा रोज सकाळी तिथे उभे असू. मला त्याहून दुसरं काही नको आहे. म्हणूनच सांगत नाही. मी केलेला फोन वहिनींनी उचलला तर तब्येतीचं विचारतो, आणि त्यांनी परसात नुकत्याच लावलेल्या मिरच्यांचं. परवा म्हणाल्या, फुलं धरलीत.