काळ्या वाटाण्यांची ढोबळी मिरची

संप लागला तेव्हा मी सातवीत होते. आम्ही काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि माझे वडील, लहू परब, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. चार साचे, म्हणजे कापडाचे माग, एकटे सांभाळायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचे भोंगे थांबले आणि आबा महिनाभर रोज सकाळी त्याच वेळी उठून, दाढी करून, डबा न घेता बाहेर पडत राहिले. सभा असली तर सभेला, नाहीतर नाक्यावर.

आईने वाट बघितली नाही. गुणवंती तिचं नाव. तिने शिवण करून बघितलं, पापड लाटून बघितले आणि मग दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागे एका बैठ्या घरात स्वयंपाकाचं काम धरलं. घर ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती लोकांचं. पॉलीन टीचर शाळेत शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि सोबतीला त्यांची म्हातारी आई मॅग्डलीन. आईने तिथे सव्वा वर्ष काढलं. आबांनी त्या घराबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

त्र्याऐंशीच्या जुलैत आई नळावर घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर पडलं.

"टीचरना सांगून या, मी येत नाय म्हणून," ती आबांना म्हणाली. "आणि दुसरी बाई बघू नका म्हणावं. मी परत येणार."

आबा गेले. टीचर शाळेला निघायच्या घाईत होत्या. ओट्यावर नुकतेच आणलेले सहा बांगडे ताटलीत पडलेले, आणि म्हातारी दारातल्या खुर्चीत बसून जेवणाची चौकशी करत होती. निरोप ऐकून टीचर मटकन स्टुलावर बसल्या. "आता या माशांचं काय करू मी?"

यापुढचं आबांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, "मी बोललो नाय गो. माझं तोंड आपोआप बोललं."

तोंड म्हणालं, "मी करतो."

लग्नाआधी आबा सहा वर्षं लालबागच्या एका गाळ्यात वीस-बावीस मालवणी माणसांबरोबर राहिले होते. तिथे रविवारी पाळीने स्वयंपाक चाले आणि आबांची पाळी असली की शेजारच्या गाळ्यातली माणसंही थाळ्या घेऊन येत. लग्न झाल्यावर आईने त्यांना चुलीजवळ येऊ दिलं नाही, तेव्हा हे कुणाला माहीतच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं, आमच्याकडचं झणझणीत कालवण, केलं. म्हातारीने बोटं चाटली आणि एवढंच विचारलं, "तू उद्या येशील ना रे?"

आबा रोज जायला लागले. चाळीत मात्र सांगायचे, "दादरला काम मिळालंय." कसलं, ते नाही. त्यांचा जोडीदार कोंडीराम शिंदे, शेजारच्या साच्यावरचा आणि आमच्याच चाळीतला, सातारकडचा, मोठ्या आवाजाचा, त्याने दोनदा खोदून विचारलं. आबा म्हणाले, "असंच. किरकोळ." आई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन गप्प बसायची. कांद्याचा वास यायचा म्हणून आबा जिना चढायच्या आधी खालच्या नळावर हात धुवायचे. ते मी वरून बघायचे.

ऑगस्टमध्ये टीचरांचा भाऊ कॉनरॅड अमेरिकेहून आला. तिकडे न्यू मेक्सिको नावाच्या राज्यात तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. अकरा वर्षांनी आला होता, कारण मॅग्डलीनचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. घरचेच अठरा जण जेवायला येणार. आबांनी मनात यादी तयार ठेवली होती. पण आदल्या दिवशी सकाळी कॉनरॅड स्वयंपाकघरात आला. त्याच्या हातात एक कागद होता.

"लहूभाऊ, एक गोष्ट माझी. आमच्याकडे तिकडे करतात. माझ्या बायकोने लिहून दिलंय. मम्मीला खायला घालायचंय."

आबा म्हणाले, "वाचा."

कॉनरॅडने वाचत वाचत मराठी केलं. ढोबळ्या मिरच्या पोखरायच्या. आत भात, मक्याचे दाणे, कांदा, लसूण, टोमॅटो. जिरं भाजून कुटलेलं. लाल तिखट. कोथिंबीर. वरून लिंबू.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "साहेब, हे तर सगळं आमच्या फडताळात आहे. यात अमेरिकेचं काय?"

कॉनरॅडने कागद पुन्हा पाहिला. "चीज," तो म्हणाला, आणि दोघेही हसायला लागले.

अडचण पुढे होती. त्यात काळ्या रंगाच्या शेंगदाण्याएवढ्या बिया लागायच्या, घेवड्याच्या जातीच्या. कॉनरॅडने त्या बॅगेत भरल्या होत्या आणि तिकडच्या विमानतळावर वजन जास्त झालं म्हणून काढून टाकल्या होत्या. माटुंग्याच्या बाजारात दुपारभर फिरून तो राजमा घेऊन आला. आबांनी एक दाणा दाताखाली धरला आणि डोकं हलवलं. "हा गोड. तुमच्या कागदात तिखट आहे, आंबट आहे. गोड कुठे बसणार?"

संध्याकाळी ते घरी आले ते थेट खाटेखालच्या पोत्याकडे. संप लागल्यापासून गावाहून काका काळे वाटाणे पाठवत असे. दीड वर्षात आम्ही ते इतके खाल्ले होते की पोतं ओढल्याचा आवाज आला तरी माझा धाकटा भाऊ तोंड वाकडं करायचा. आबांनी अर्धा शेर मोजून घेतले.

आईने विचारलं, "कुणाला नेता?"

"अमेरिकेला," आबा म्हणाले.

वाटाणे त्यांनी आमच्याच घरी भिजत घातले आणि पहाटेच घेऊन गेले. मी सोबत गेले. शाळेला सुट्टी होती आणि मला ते अमेरिकेचं जेवण बघायचं होतं.

चोवीस मिरच्या होत्या. कॉनरॅड म्हणाला, तिकडे लाल, पिवळ्या मिळतात, केवढ्या तरी मोठ्या. आबांनी दादरच्या मंडईतून हिरव्याच आणल्या होत्या, पातळ सालीच्या, वेड्यावाकड्या. देठाकडची चकती कापून त्यांनी आतलं बी काढलं. मला दाणे सोलायला मक्याची कणसं दिली. वाटाणे शिजले, दाबले की फुटतील पण विरघळणार नाहीत इतकेच. मग मोठ्या कढईत कांदा लाल झाला, लसूण पडली, भाजलेल्या जिऱ्याचा वास घरभर गेला. भात, मका आणि वाटाणे एकत्र आले तेव्हा ते हिरवं-पिवळं-काळं काहीतरी इतकं छान दिसायला लागलं की टीचर चमचा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या चार घास खाऊन गेल्या.

टीचरांकडे ओव्हन होता, पण तो कित्येक वर्षं बंद पडलेला, आत जुनी पातेली ठेवलेली. म्हणून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत सांगून ठेवलं होतं. दुपारचे पाव निघाले की भट्टी अर्धा तास आपली. आबांनी मिरच्या भरल्या, परातीत उभ्या केल्या, आणि एकीने मान टाकली. तिच्या धक्क्याने दुसरी. बघता बघता सहा-सात आडव्या झाल्या, सारण परातभर. बूड सपाट असलेली मिरची एकही नव्हती.

"बूड कापू या का?" कॉनरॅड म्हणाला.

"साल पातळ आहे. भोक पडेल."

"मग आडव्याच ठेवू."

आबा परातीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "शांते, टीचरांकडून दोऱ्याचं रीळ माग. सुती. जाडं."

रीळ आलं. त्यांनी दोरा पाण्यात भिजवला. चार मिरच्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, भोवती दोरा फिरवला आणि गाठ मारली. ती गाठ मारताना मला दिसलीच नाही. बोटं जवळ आली, लांब झाली, गाठ तयार. साच्यावर धागा तुटला की साचेवाला अशीच गाठ मारतो, पापणी लवायच्या आत. चार-चारच्या सहा जुड्या झाल्या. शेवटच्या जुडीला त्यांनी हलवून बघितलं. ढिम्म हलली नाही.

कॉनरॅड म्हणाला, "पुन्हा मारून दाखवा ना ती गाठ."

आबांनी मारून दाखवली. मग आणखी एकदा, सावकाश. दीड वर्षात मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

बेकरीतून परात परत आली तेव्हा चीज वितळून कडांवरून ओघळलं होतं, मिरच्यांना काळे डाग पडले होते आणि वाटेतली दोन कुत्री आमच्या मागे मागे दारापर्यंत आली होती. आबांनी कात्रीने दोरे कापले, ताटात एकेक मिरची मांडली, वर लिंबू पिळलं आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आम्ही दोघं आत. बाहेर आधी बडबड, मग चमच्यांचा आवाज, मग एकदम शांतता. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, बिघडलं.

दार उघडून मॅग्डलीन स्वतः काठी टेकत आत आली. "मना अजून एक पाहिजे. आणि तू इथं कोपऱ्यात का? बाहेर ये. पोरीला घेऊन ये. आज माझा दिवस आहे, मी सांगते ते ऐकायचं."

आम्ही त्या लांब टेबलाशी बसून जेवलो. कॉनरॅडने दोनदा घेतलं. म्हणाला, "घरी असंच लागतं. नाही, असं नाही लागत. या काळ्या बिया काय आहेत?"

"आमच्या गावच्या," आबा म्हणाले. एवढंच.

पुढच्याच आठवड्यात टीचरांच्या माहीमच्या मावसबहिणीने साखरपुड्याच्या जेवणासाठी निरोप पाठवला. मग तिच्या शेजारणीने. आईचं प्लॅस्टर निघालं. ती दादरच्या कामावर परत गेली आणि आबांना बाहेरच्या जेवणांची कामं सुरू झाली. पण चाळीत अजूनही "किरकोळ"च.

शेवटी आईच वैतागली. एका रविवारी म्हणाली, "सगळ्या जगाला खायला घातलंत. घरच्यांनी काय पाप केलंय? आज ती मिरची करा. आणि कोंडीराम भावोजींना बोलवा, सगळ्या घराला."

आमच्याकडे भट्टी कुठली. आईने शेगडी पेटवली, मोठ्या पातेल्यात मिरच्यांच्या जुड्या ठेवल्या आणि झाकणावर निखारे रचले. खोलीत धूर झाला, पण मिरच्या झकास भाजल्या. चीज थोडं करपलं. माझ्या भावाने आत वाटाणे बघून नाक मुरडलं, मग एक घास खाल्ला, मग माझ्या ताटातली अर्धी पळवली.

कोंडीराम तिसरी मिरची संपवून म्हणाला, "वहिनी, काय बनवलंय! असलं मी जन्मात खाल्लं नाय."

आईने आबांकडे बघितलं. आबांनी घास गिळला.

"मी केलंय," ते म्हणाले. "तेच काम आहे माझं. स्वयंपाकाचं. जुलैपासून."

खोलीत दहा माणसं होती. कोंडीरामाच्या बायकोने पदर तोंडाला लावला. कोंडीराम आबांकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज चढला.

"जुलैपासून? लेका लहू, आणि आत्ता सांगतोस? मी तिकडं रोज बेसन खातोय आणि तू शेजारी राहून असलं शिजवतोस? मैतर म्हणायचं का तुला?"

सगळे हसले, आबा सगळ्यांत जास्त. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आईने पाठीवर थापट्या मारल्या. जाताना कोंडीराम जिन्यात थांबून हळू आवाजात म्हणाला, "कांदा कापायला माणूस लागतं का रे?"

लागत होतं. दोघांनी मिळून सत्तावीस वर्षं काम केलं. परळ, दादर, माटुंगा, नायगाव. गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडली नाही. पुढे आबा तिच्या भिंतीजवळून जाताना क्षणभर पावलं हळू करायचे आणि मग बाजाराची यादी काढून वाचायला लागायचे.

एक्याण्णव साली माझं लग्न झालं तेव्हा तीनशे माणसांचं जेवण त्या दोघांनीच केलं. माझे सासरे नायगावचे, पोलिसात हवालदार, मिशीला चीज लावून पंगतीत बसलेले, आणि कोंडीराम त्यांना आग्रह करतोय. आबा पंगतीतून पंगतीत फिरत होते, नव्या शर्टावर डाग पाडत. शेवटची पंगत उठल्यावर आईने त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं.

"काय वाढू?" तिने विचारलं.

"वरणभात," आबा म्हणाले. "तूप जरा जास्त घाल."