खाल्लेला अर्धा इंच

माझ्या उजव्या हाताला दोन-तीन वर्षांपासून एक खोड लागली आहे. कात्री धरली की तो थरथरतो. चहाचा कप धरताना थरथरत नाही, नातीच्या पाठीत धपाटा घालताना तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, वय काय फक्त कात्रीपुरतं होतं का? ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

मी ब्लाऊज शिवते. लग्न होऊन उंद्रीला आले तेव्हापासून शिवते. मालकांची बदली बुलढाण्याला झाली तरी शिवत राहिले, मालक गेले तरी शिवत राहिले. घरात अडचण कशाचीच नाही, मुलगा-सून दोघंही नोकरीला आहेत. पण पूजा आटोपून मशीनवरचं फडकं काढल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही. शिवणं अजून जमतं. अडतं ते कापताना. लोकांनी विश्वासानं आणून दिलेलं काठापदराचं कापड, आणि माझी कात्री त्यावरून दारूड्यासारखी चाललेली.

अशात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. माप टाका, कागद काढा, कापडावर ठेवा आणि कापा. म्हणजे कॉम्प्युटरच सगळी आखणी करणार, आपण फक्त टाचण्या लावून कागदाच्या कडेनं जायचं. खाली लिहिलं होतं, पसंत न पडल्यास सात दिवसांत पैसे परत.

सून शाळेत शिकवते, घरात तिचा लॅपटॉप आहे, प्रिंटर आहे. ती म्हणाली, "आई, आधी नीट पाहून घ्या बरं. ऑनलाइनचं काही खरं नसते."

"मी काय आज जन्मली का?" मी म्हटलं. आणि घेतलं.

पहिला ब्लाऊज सुनेचाच शिवला. तिचा दंडघेर साडेदहा. मी स्वतः टेप लावून घेतला, स्वतः टाइप केला. कागद निघाले, ते चिकटवले, कापले, शिवले. कात्री कशी शहाण्या मुलीसारखी कागदाच्या कडेकडेनं गेली! मी खुशीत होते. मग सुनेनं ब्लाऊज चढवला आणि बाही दंडात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी मी एका बाजूनं ओढते आहे, ती दुसरीकडून अंग चोरते आहे, असा आमचा सासू-सुनेचा सामना झाला.

"आई," ती धापा टाकत म्हणाली, "राग असला ना माझ्यावर, तर तोंडानं सांगत जा."

दुसरा शिवला तो शेजारणीचा. तिचा दंड पावणेबारा. तिनं घातला आणि पाच मिनिटांत परत आली. "काकू, रक्त थांबून राह्यलं ओ माह्या हाताचं!"

मी हसले आणि ब्लाऊज ठेवून घेतला. आता कात्रीला बोल लावायची सोय नव्हती, कापलं तर कागदाबरहुकूम होतं. मग उरलं काय? टेप. हात गेला तर कागद विकत घेता येतो. पण मापच चुकायला लागलं, डोळाच फसवायला लागला, तर त्या बाईनं मशीन आवरून वर तुळशीची कुंडी ठेवावी, हेच बरं. मी मशीनवर फडकं टाकलं. तीन दिवस काढलं नाही. सून दोनदा येऊन बघून गेली. आपली सासू आजारी नाही, नुसती बसली आहे, हे तिला जास्त भीतीचं वाटलं असावं.

"आई, पैसे परत मागू. अजून सात दिवस झाले नाहीत."

"पैसे नको मले," मी म्हटलं. "चूक माझी की त्यांची, एवढं सांगा म्हणावं."

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड, बोलणं पाठ केलेलं.

"मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही प्रॉब्लेम नाही. माप घेताना मिस्टेक झाली असेल."

"दोन्ही वेळेला?" मी विचारलं.

"होऊ शकतं ना, मॅडम. तुमचं वय किती?"

सून फोन हिसकायला धावली, मी तिला हातानं थांबवलं.

"आणि मॅडम, कधी कधी काय होतं, माप दिल्यानंतर कस्टमरचं वजन वाढतं. मग ब्लाऊज टाइट होतो. त्याला आम्ही काय करणार?"

सुनेला वाटलं, मी आता त्या मुलीची सात पिढ्यांची खबर घेणार. मी फोन सुनेच्या हातात परत दिला. कारण हे वाक्य माझं होतं. त्या मुलीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, उंद्रीच्या माझ्या ओट्यावर, मी हे वाक्य एका बाईला ऐकवलं होतं. तिच्यापेक्षा ठसक्यात.

त्या वेळची मी म्हणजे काय वस्तू होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सहा महिन्यांचा शिवणक्लास केलेला. त्याचं सर्टिफिकेट काचेत मढवून मी देवाच्या फोटोपेक्षा बोटभर वर टांगलं होतं. सासूबाईंनी ते खाली घ्यायला लावलं, तर मी दोन दिवस जेवले नाही. गळ्यात टेप चोवीस तास. हापशावर पाण्याला टेप, गिरणीत दळणाला टेप. एकदा मयतीला गेले तेव्हाही टेप गळ्यातच. तिथं एका म्हातारीनं विचारलं, "माय, मुडद्याचं माप घ्याले आली का?" आज ती भेटली असती तर पाया पडले असते. तेव्हा मी फणकारून निघून आले होते.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक माझ्याच वयाची सून होती. तिला भावानं भाऊबीजेला रेशमी कापड दिलं होतं, वांगी रंगाचं. घरची परिस्थिती बेताची, तिच्या अंगाला लागलेलं ते पहिलं रेशीम असावं. मी माप घेतलं, वहीत लिहिलं. कागद वाचवायची मोठी हौस, म्हणून एका पानावर दोन बायकांची मापं लिहायची. आणि कापताना मी तिच्या कापडावर पानावरच्या दुसऱ्याच बाईचं माप उतरवलं. ती दुसरी म्हणजे काडी. वर कापड वाचावं म्हणून आत शिवणीत मायाही सोडली नाही, की नंतर उसवून सैल करता यावं.

ती घालून बघायला आली. बटणं लागेनात. बिचारी म्हणाली, "बाई, जरासा घट्ट झाला का वं?"

मी टेप गळ्यातून काढला, मोठ्या ऐटीत झटकला आणि म्हणाले, "माप तर तेच हाय. काऊन, तूच जाडी झाली ना! दिवाळीचं खाल्लं, ते कुठं जाईन?"

ओट्यावर तीन-चार बायका होत्या. सगळ्या हसल्या. तीही हसली आणि पैसे देऊन गेली.

संध्याकाळी वही उघडली तेव्हा माझी चूक मला दिसली. स्वच्छ दिसली. मी ते पान फाडलं, चुलीत घातलं आणि भाजी ढवळत बसले.

पुढे तिनं त्या ब्लाऊजला काखेत दुसऱ्या कापडाची पट्टी लावून घेतली. वांगी रेशमाला तांबडं सुती ठिगळ. लग्नात मंगलाष्टकं झाली की सगळे अक्षता टाकायला हात वर करतात. मी कुठंही उभी असले तरी मला नवरा-नवरी दिसायच्या आधी ते ठिगळ दिसायचं. बुलढाण्याला आल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही की, चला, आता ते दिसणार नाही. इतकी मी थोर.

तर फोन ठेवला. सून म्हणाली, "आई, काय झालं?"

"काही नाही. एक जुनी ओळखीची भेटली."

मग मी उठले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सुनेला म्हटलं, एक बाही दहाची काढ आणि एक साडेदहाची. दोन्ही कागद निघाले. ते एकावर एक ठेवून मी खिडकीच्या उजेडात धरले. केसभरही फरक नाही. मग अकराचा आणि पावणेबाराचा काढला, तेही जुळे. ते सॉफ्टवेअर साडे आणि पाऊण सरळ गिळून टाकत होतं! पूर्ण इंच तेवढे धरायचं, वरचं सोडून द्यायचं. बाकीची मापं नेमकी पूर्ण इंचांत होती म्हणून निभावली होती.

माझा डोळा शाबूत होता. मी मशीनवरचं फडकं ओढून फेकलं. ते सुनेच्या चहात पडलं.

तिनं परत फोन लावला. ती गोड मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रूफ पाठवा, मग पाहू." सुनेला शाळेची घाई होती. ती म्हणाली, "संध्याकाळी आली की पाठवतो." मी म्हटलं, त्यात संध्याकाळची वाट काय बघायची? मी दोन्ही ब्लाऊजची एकेक बाही उसवली, खडूनं त्यावर लिहिलं, मागितलं साडेदहा, दिलं दहा. मागितलं पावणेबारा, दिलं अकरा. जुळे कागद सोबत घातले, एक टेप टाकला, कापडात शिवून पार्सल बांधलं आणि बिलावरच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवून दिलं.

संध्याकाळी सुनेनं डोकं धरलं. "आई! प्रूफ म्हणजे फोटो! मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा असते!"

"फोटोतली बाही दंडात घालता येते का?" मी विचारलं. आमच्या धंद्यात चूक दाखवायची तर कापड समोर टाकावं लागतं. मला दुसरी रीत माहीत नव्हती.

आठवड्यानं फोन आला. या वेळी मुलगी नव्हती, ते सॉफ्टवेअर तयार करणारा माणूसच होता. आवाज ओशाळलेला. "काकू, बाह्या मिळाल्या. खरं सांगू, आमच्याकडे कोणालाच टेप धरता येत नाही. मी घरी आईला दाखवल्या. तिनं माप लावून पाहिलं आणि मलाच झापलं. चूक आमची आहे. पॉइंटच्या पुढचा आकडा धरलाच जात नव्हता. पैसे आजच परत करतो. बाह्या पाठवून देऊ का?"

"राहू द्या. काचेत मढवून लावा भिंतीवर. पण देवापेक्षा वर नका लावू."

त्याला काही कळलं नसावं. मी पुढे म्हटलं, "आणि ते लिहून द्या. चूक आमची होती, तुमचं माप बरोबर होतं, असं."

सून खुणावत होती, पैसे येऊन राह्यले ना, मग लिहून काय करता? पण त्यानं पाठवलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग सुनेला मोठ्यानं वाचायला लावलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यातच ते तांबडं ठिगळ डोळ्यांसमोर आलं. मला तीन दिवस मशीनवर फडकं टाकून बसावं लागलं तर मी पार्सलं पाठवली. तिनं कुणाला काय पाठवायचं होतं? माप बरोबर होतं हे तिला कोणी कळवलं?

आलेल्या पैशातून मी वांगी रंगाचं रेशमी कापड घेतलं आणि चिखलीला गाडी बदलून उंद्रीला गेले.

ती ओसरीत सुपात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे, अंग वाळून गेलेलं. "काऊन वं, रस्ता चुकली का?"

मी बसले, पाणी प्याले आणि सांगून टाकलं. एका पानावर दोन मापं, दुसरीचं माप, फाडलेलं पान, चूल, सगळं. कापड तिच्यासमोर ठेवलं. तिचं सूप थांबलं.

"म्हणजे मी जाडी झालीच नव्हती?"

"नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "मी सहा महिने रात्रीची भाकर सोडली होती. सासू म्हणे, हिच्या पोटात बिघाड हाय. मले कडू काढा पाजे रोज. अन् फोटो काढाचा असला की मी मागच्या रांगेत. सगळ्या लग्नात. पोरीच्या लग्नातबी."

मला वाटलं होतं, ती हसेल, किंवा म्हणेल की कोणता ब्लाऊज, मी तर विसरली. तसं झालं असतं तर मी हलकी होऊन पाच वाजताच्या गाडीनं परत आले असते. मी कशीबशी म्हणाले, "चुकलं माझं. तेव्हाच कळलं होतं मले, अन् मी बोलले नाही."

"ते तर दिसूनच राह्यलं," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात देत उठली. "माफी-बिफी नको मले. परात तिथं हाय, पीठ डब्यात. सहा महिन्याच्या भाकरी काही तुह्यानं होत नाईत. दोन थाप."

मी थापल्या. हात थरथरला नाही, भाकरीचं त्याला वावडं नसावं. ती माझ्याकडे बघत पाटावर बसून राहिली. तव्यावरून उतरली तशी गरम भाकर, वर ठेचा आणि तेल. पहिली तिनं सावकाश, मान खाली घालून खाल्ली. दुसरी खाताना म्हणाली, "काठ फाटले. सर्टिफिकेटवालीले भाकर येत नाई वाटते." तेव्हा कुठं मी परातीवरून मान वर केली.

जेवण झाल्यावर मी टेप काढला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात जरा बाजूला धरला. दंडघेर साडेआठ भरला. कातडी टेपखालून सरकत होती.

"आता म्हण ना, जाडी झाली म्हणून," ती म्हणाली.

मी वही काढली, पेन काढलं. वरच्या अर्ध्या पानावर शेजारणीचं माप होतं. मी त्याखाली लिहायला पेन टेकवलंच होतं, तेवढ्यात तिनं वाकून वहीत डोकावलं आणि माझ्या हाताखालचं ते पान स्वतःच उलटलं.

"माहं वेगळ्या पानावर लिहजो."