काळं दिसेल ते खाण

माझ्या हातची रेघ कधी हलत नसे आणि त्याचा मला भलताच माज होता. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला मी अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. घाटकोपरहून बसनं यायचं, फोटोवर ट्रेसिंग कागद पसरायचा आणि मान मोडेपर्यंत शाईनं रेघा मारायच्या.

फोटो मात्र साधे नव्हते. अमेरिकेच्या उपग्रहानं आभाळातून काढलेले, आणि तेही चांद्याकडच्या एका उघड्या कोळसा खाणीचे. खाण किती पसरत चालली आहे, ते आम्ही मोजायचो. फोटोतले रंग सगळे उलटेसुलटे. उभं पीक हिरवं सोडून लालभडक दिसायचं. कोळसा तेवढा काळाच्या काळा.

आमचे हेड ड्राफ्ट्समन पार्ल्याचे, कडक इस्त्रीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला, "काळं दिसेल ते खाण. भोवती रेघ मार, आतले ग्राफचे चौकोन मोज आणि आकडा मला दे. डोकं चालवू नकोस, वाट लागते."

मी डोकं चालवलं नाही. वाट तरीही लागली.

नोव्हेंबरच्या फोटोत खाण अंगठ्याच्या नखाएवढी होती. मग मे महिन्याचा फोटो आला आणि त्यात ती तळहाताएवढी झालेली. मी झोकात रेघ मारली. हेड खूश. "झकास! खाण काय सुसाट सुटलीय!" मग गावांची नावं टिपायला मी नकाशा शेजारी घेतला, तर काळ्याच्या ऐन मध्यात माझ्या आईचं माहेर. मामाचं वावर नदीच्या वळणाला लागून होतं, तेही आत. अहवाल आठवड्याभरात जायचा होता आणि एकदा कागदावर खाण म्हणून लागलेली जमीन पुढे शेत म्हणून कोण मोजणार?

घरी आले तेव्हा आई अंबाडी निवडत बसली होती. ती जवळच्या शाळेत शिपाई होती. मुंबईत वीस वर्षं काढली तरी तिची बोली तिकडचीच राहिली होती.

मी रडतरडतच सांगितलं, "आई, तुझं गाव गेलं गं. माझ्याच हातानं रेघ मारली मी."

"कुठी गेलं?" तिनं मान वर केली नाही. "परवाच तं तुह्या मामाचं पत्र आलं. सायकल पंक्चर झाली तरी कळवते तो. गाव गेलं असतं तं लिवलं नसतं काय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

"फोटो कोणत्या महिन्याचा हाय?"

"मे."

"म्हंजे वैशाख. वैशाखात वावरं नांगरून पडली असते व. जमीन आमची काळीच. वरून दुसरं काय दिसन?"

दुसऱ्या दिवशी मी हेडना सांगितलं. ते भडकले. "तुझी आई काय जिऑलॉजिस्ट आहे?"

"नाही. पण तिनं त्याच वावरातली ढेकळं फोडलीत," मीही तोऱ्यात बोलले.

त्यांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले. मे महिन्यात जे काळं होतं, ते नोव्हेंबरात लाल होतं. मग म्हणाले, "शनिवारी आईला घेऊन ये."

आई वैशाख पौर्णिमेची पांढरी साडी नेसून आली. फोटोला कुणी बोट लावलेलं हेडना खपत नसे. मला ते दिवसातून तीनदा हात धुवायला लावायचे. आईनं येताच त्यावर बोट टेकवलं. हेडनी खुर्ची पुढे केली आणि तिच्या हातात भिंग दिलं.

"हा नदीचा वळसा. हे आमचं वावर."

"आणि बाई, हे लाल?"

"कापूस, तूर. उभं पीक जी."

"आणि हे पांढरं?"

"ते मले नाही माहीत जी."

हेड एकदम खूश झाले. "माहीत नाही म्हणणारं माणूस या ऑफिसात पहिल्यांदा आलं!" त्यांनी माझ्यापुढे ब्लेड सरकवलं आणि मी माझी ती झोकदार रेघ आनंदानं खरवडून काढली. त्या दिवसापासून नियम बदलला. नोव्हेंबरात काळं दिसेल ते खाण.

मग दर वर्षी हिवाळ्यातला फोटो आला की आई विचारायची, "वावर लाल हाय ना?" मी म्हणायची, "लालभडक." ती ते मामाला कळवायची. आपलं पीक आभाळातून पाहतात, असं मामा गावभर सांगत सुटायचा. घरात आम्ही पोट धरून हसायचो.

तिसऱ्या नोव्हेंबरच्या फोटोत नदीच्या वळणाशी काळं दिसलं. मी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. काळंच. पंक्चर कळवणाऱ्या मामाचं दिवाळीपासून पत्र नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

शनिवारी आई तीच साडी नेसून आली. भिंग धरून तिनं खूप वेळ पाहिलं. बोट लावलं नाही.

"नांगरलेलं असेल, बाई," हेड हळूच म्हणाले. तसं असावं अशी त्यांचीही फार इच्छा होती.

"या दिवसात वावर मोकळं नसते जी." तिनं भिंग टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मार रेघ. नीट मार."

मी मारली. हेडनी ती तपासली नाही. रेघ नेहमीसारखीच साफ आली आणि त्याचा राग मला आजही येतो.