देवाआधीची चव

कलाबाई वाघाला भ्याली नसती, पण मिठाला भ्याली. सौंसरच्या मोटारस्टँडमागे तिची खानावळ होती आणि तिची चूल आमच्या भिंतीला लागून होती, म्हणून हे मी पाहिलेलं सांगते.

तिचा गोळाभात नावाजलेला होता. वाटलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे, मोकळा भात, वरून हिंग-मिरचीची फोडणी. त्याच्या तोडीचा फक्त पांढुर्ण्याला, स्टेशनाजवळ पुंडलिकरावांकडे मिळे. या दोन्हींची तुलना करणं हा आमच्याकडच्या पुरुषांचा आवडता उद्योग. घरी बायकोनं रांधलेल्याला बरं म्हणायला जीभ उचलत नाही, पण खानावळीवर तासभर बोलतील. कापसाचे दलाल केशवराव त्यात सगळ्यांच्या वरचढ. ते ज्या खानावळीला चांगलं म्हणत, तिथेच बाहेरचे व्यापारी हंगामभर जेवत.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीतले मराठी बाबू बदल्या घेऊन निघून गेले. कलाबाईच्या पंगती निम्म्यावर आल्या. उरले ते व्यापारीच. त्यातच दिवाळीत तिला ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास कळायचा गेला तो गेलाच.

तिच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही जिभेला लावत नसत. वाटलेली डाळ मुठीत घेऊन हुंगली की तिला मीठ कळे. आता डाळ आणि माती तिच्या नाकाला सारखीच. आणि गोळा एकदा वाफवला की त्याचं मीठ सुधारत नाही.

"नैवेद्याआधी चाख ना बाई," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. "लग्नाच्या वर्षी, उषा पोटात असताना, एकदा चाखलं होतं. त्याच महिन्यात हे गेले. आता घरात उषाच हाय."

उषा तिची एकुलती एक पोर, शाळेत जाणारी. असल्या भीतीला शहाणपण सांगता येत नाही.

एका बुधवारी केशवराव पानावरून उठता उठता म्हणाले, "कलाबाई, काल पांढुर्ण्याले जेवलो. गोळा म्हनजे गोळा होता. तुमच्या इथं आज मीठच नाही, परवा खारट होतं. उद्या खामगावचे व्यापारी आणून राहिलो. सांभाळजा."

माणूस सहज बोलून गेला, पण ती उष्टी पानं तशीच टाकून मिठाचा डबा पुढ्यात घेऊन बसली. खानावळ बुडाली तर उषाची शाळा, दोघींचं पोट, सगळंच बुडणार होतं.

गुरुवारी उषा शाळेत गेली. कलाबाईनं डाळ वाटली, मीठ घातलं, हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. मग तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, बोट डाळीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. जिभेला मीठ कळत होतं, कमी होतं. तिनं चिमूटभर घातलं, पुन्हा चाखलं आणि हात जोडले.

"देवा, आज तू दुसऱ्या पंगतीले बस. राग आला तर माह्यावर काढ, पोरीवर नोको काढू."

व्यापारी बोटं चाटत जेवले. "पांढुर्णं हरलं आज," केशवराव म्हणाले. "आता हंगामभर इथंच."

कलाबाईनं ते ऐकलंही नाही. ती वाढता वाढता रस्त्याकडे पाहत होती. शाळा सुटायची वेळ झाली, टळून गेली. शेजारच्या मुली घरी आल्या, उषा नाही. कलाबाई हातातली पळी तशीच धरून दारात उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मीही हातातलं काम टाकून रस्त्यावर आले.

दिवे लागायच्या वेळेला उषा वळणावर दिसली.

"हिंदीचा जादा तास होता, आई. कावून अशी पाहून राहिली?"

कलाबाईनं तिला अशी आवळली की पोर कळवळली. मग तिला वाढून विचारलं, "मीठ?"

"बरोबर हाय."

त्या दिवसापासून ती रोज देवाआधी चव घेई. खानावळ तगली. पांढुर्ण्याचे लोकही येऊन जेवून जात. पण उषा शिकून नोकरीला लागली, लग्न होऊन लोधीखेड्याला गेली, तरी देवाआधी चाखल्याचा धाक सुटला नाही; कलाबाईचं ताट दुपारी झाकलेलंच असे. तिकडून येणाऱ्या मोटारीतला कोणी "पोर खुशाल हाय" म्हणेपर्यंत तिनं चवीच्या बोटापलीकडे स्वतःच्या हातचा घास कधी तोंडात घातला नाही.