टाकीमामा आणि कालवांचे खडक

टाकीमामा मैल्याबद्दल बोलत ते लोक घरच्या जावयाबद्दल बोलतात तसं. मानानं, जपून, आवाज खाली घेऊन. "आज जरा उशिराच उतरला," म्हणायचे. अंधेरीच्या आमच्या मैलापाण्याच्या कचेरीत ते ओव्हरसियर, मी नकाशे काढणारा. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी डबा उघडणारा अख्ख्या उपनगरात मी एकटा. बाकीचे पार जोगेश्वरीच्या लेण्यांत जाऊन जेवत, असं मी सांगतो. थोडं वाढवून सांगतो, पण फार नाही.

"घाण वाईट नसते रे," ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणत, "घाईत असते. तिला घटकाभर बसायला जागा द्या, शहाणी होते." हे त्यांचं सगळं शास्त्र. पहिल्या टाकीत गाळ खाली बसवायचा, मग पाणी उथळ तळ्यात पसरून उन्हावाऱ्याला द्यायचं, आणि मगच समुद्राला. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा की समोरच्याची भूक एक तर मरे, नाही तर भक्तीत बदले.

वेसाव्याहून होडीनं गाठायचं एक कोळ्यांचं बेट होतं. तिथे नवे संडास बांधायचे ठरले. साहेबांनी माझ्याकडून नकाशा काढून घेतला: एक नळ, थेट खाडीत. "ओहोटी नेईल वाहून. टाक्या कशाला?" मामांचा जीव कासावीस झाला. त्या नळाच्या डाव्या अंगाला कालवांचे खडक. चांगुणा आणि तिच्यासारख्या वीस-पंचवीस बाया रोज तिथे कोयत्यानं कालवं फोडून अंधेरीच्या बाजारात विकत. कालवं नासली की बेटाची चूल विझली.

मामांनी बारा नारळांना लाल रंग फासला आणि ऐन ओहोटीला नळाच्या जागी पाण्यात सोडले. प्रवाह कुठे जातो ते पाहायचं होतं, एवढंच. पण लाल नारळ बघून बेटाला वाटलं, सरकार अवेळी दर्यापूजा करतंय! झालं. हळदकुंकू आलं, वाजंत्री आली, एका म्हातारीनं मामांनाच ओवाळलं. ऊन कलतं न कलतं तोच बारापैकी नऊ नारळ कालवांच्या खडकांवर येऊन बसले.

"ए मामा, काय केलंस रं?" चांगुणा कोयत्यासकट धावली. "दर्यानं नारल मागारी धाडलं! आता आमी बुडलो!"

"अगं बये, बुडाला नाहीत, वाचलात! नारळ परत आला तिथेच उद्या नळाचं पाणीही येणार."

चांगुणानं कोयता कमरेला खोचला. मग तिनं नऊच्या नऊ नारळ पाटीत भरले आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ओतले. सोबत पंचवीस बाया. साहेब टेबलाखाली शिरले, ते टाक्यांच्या कागदावर सही करूनच बाहेर आले, मी पाहिलंय.

टाक्या झाल्या, तळं झालं. तरी बाजारात आवई उठली: बेटाची कालवं गटारातली. पाट्या जशाच्या तशा परत येऊ लागल्या. एका सकाळी मामा बाजारात गेले. हा माणूस चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा. मासळीच्या ओट्याला वळसा घालून जाणारा. चांगुणासमोर उभे राहून म्हणाले, "फोड एक. कच्चंच दे." सारा बाजार थांबला. मामांनी डोळे मिटले, रामाचं नाव घेतलं आणि गिळलं.

"कसं लागलं?" कुणी तरी ओरडलं.

"स्वच्छ," मामा म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं. तासाभरात सगळ्या पाट्या रिकाम्या.

घरी मामींनी त्यांना विहिरीवर तीनदा आंघोळ घातली आणि महिनाभर ताट वेगळं मांडलं. "बाजारात लाज घालवलीत," एवढंच त्या बोलल्या. मामांनी कधी उलट शब्द काढला नाही.

दोन वर्षांनी मामा गेले. हिवतापानं, चार दिवसांत. तेराव्याला चांगुणा अंगणात आली. हातातली पाटी ओल्या फडक्यानं झाकलेली. भटजी चपापले, पाहुण्यांनी नाकाला पदर लावले. मामी उठल्या, अंगणात उतरल्या आणि पाटी आपल्या हातांनी घेतली.

"का गं," त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी ह्यांना लिंबू तरी दिलं होतंस का?"

"नाय गो माय," चांगुणा म्हणाली. "मागितलंच नाय."